बर्फातल्या खेळांचा समालोचक कसा पारखावा

मुंबईतल्या क्रिकेटवेड्या माणसाला समालोचक पारखायला कुणी शिकवत नाही. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर संध्याकाळ घालवणाऱ्याला, किंवा मैदानातल्या टेनिस क्रिकेट स्पर्धांमध्ये माइकवरून चालणारं मराठी समालोचन ऐकत वाढलेल्याला, बोलणारा खेळ बघून बोलतोय की नुसताच आवाज चढवतोय, हे दोन षटकांत समजतं. खेळ ओळखीचा असतो, त्यामुळे बोलणाऱ्याची चूक जागच्या जागी पकडता येते.

हिवाळी स्पर्धा लागल्या की हा आधार सुटतो. बर्फाशी आपला संबंध म्हणजे फार तर मनालीची सहल, किंवा गोराईच्या एस्सेल वर्ल्डमधल्या रिंकवर कधीकाळी कठडा धरून केलेली धडपड. स्केटिंगमधल्या दोन उड्यांत फरक काय, उतारावरची स्कीपटू मागे का पडली, हे आपल्याला आपलं आपण दिसत नाही. मग समालोचक सांगेल ते खरं धरलं जातं, आणि जो खणखणीत आवाजात, न अडखळता बोलतो तो उत्तम वाटायला लागतो. म्हणून पारख करण्याची थोडी पद्धत ठरवावी लागते. ती या लेखात देतो आहे. तिच्या मुळाशी माझी कसोटी एकच आहे: या माणसाचं ऐकल्यावर पुढच्या खेळाडूच्या वेळी मला माझ्या डोळ्यांनी काही जास्त दिसायला लागलं का?

पायरी १: एकच खेळ निवडा आणि स्पर्धा पूर्ण बघा

सगळ्या खेळांचे तुकडे बघत बसलात तर समालोचकाची पारख होणार नाही. तो एका स्पर्धेच्या ओघात बोलत असतो. पहिल्या खेळाडूच्या वेळी सांगितलेलं दहाव्या खेळाडूच्या वेळी त्याला वापरायचं असतं, आणि ते त्याने वापरलं की नाही हे पूर्ण स्पर्धा बघणाऱ्यालाच कळतं.

नवख्यांनी फिगर स्केटिंग, अल्पाइन स्कीइंग किंवा कर्लिंग (बर्फावरून जड दगड सरकवत लक्ष्याजवळ थांबवण्याचा खेळ) यांपैकी एक घ्यावा. आइस हॉकीने सुरुवात करू नका. खेळ फार वेगवान आहे, चकती नजरेत ठरेपर्यंत निम्मा सामना संपतो आणि समालोचकाकडे लक्ष द्यायला मनात जागाच उरत नाही.

वेळेचंही बघा. बहुतेक मोठ्या स्पर्धा युरोपात होतात आणि हिवाळ्यात इटली, फ्रान्स, स्वित्झर्लंड आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतात. मिलान-कोर्तिनाचं ऑलिम्पिक ६ ते २२ फेब्रुवारी २०२६ असं झालं. पुढचं, २०३० चं, फ्रेंच आल्प्समध्ये आहे, म्हणजे गणित तेच. तिथे रात्रीचे आठ म्हणजे इथे साडेबारा. डोंगरावरच्या शर्यती मात्र तिकडे उजेडात होतात, त्यामुळे आपल्याकडे दुपारी किंवा संध्याकाळी दिसतात. सकाळी सातची लोकल पकडायची असेल तर स्कीइंग निवडलेलं बरं. अर्धवट झोपेत कुणाच्याही बोलण्याचा निवाडा करू नये. घर झोपलंय म्हणून टीव्हीचा आवाज बारीक ठेवला तरी निम्मं समालोचन निसटतं, तेव्हा इअरफोन लावा.

पायरी २: आधी थोडा अभ्यास

अगदी थोडा, पण केलाच पाहिजे. समालोचकाने काय सांगायला हवं होतं हे माहीत नसेल, तर त्याने काय गाळलं हे कसं कळणार?

फिगर स्केटिंगचं जरा विस्ताराने सांगतो, कारण समालोचकाची खरी परीक्षा तिथे होते. उड्या सहा प्रकारच्या: टो लूप, सॅल्काव, लूप, फ्लिप, लुट्झ आणि अ‍ॅक्सेल. अ‍ॅक्सेल ओळखायला सगळ्यात सोपी, कारण खेळाडू पुढे तोंड करून झेपावतो. बाकीच्या पाचही उड्या उलट्या, पाठीच्या दिशेने जाताना घेतल्या जातात. त्यामुळे अ‍ॅक्सेलमध्ये अर्धी गिरकी जास्त पडते. लुट्झ आणि फ्लिप दोन्ही ब्लेडच्या पुढच्या दातांचा टेकू घेऊन मारतात. फरक टेकवलेल्या नव्हे, सरकणाऱ्या पायात आहे: लुट्झला तो पाय ब्लेडच्या बाहेरच्या धारेवर हवा, फ्लिपला आतल्या. लुट्झ मारताना अनेकांचा पाय ऐनवेळी आत कलतो आणि गुण कापले जातात. चांगला समालोचक उडीच्या आधी ‘धारेकडे बघा’ असं सांगून ठेवतो. सामान्य समालोचक खेळाडू खाली उतरला की ‘काय सुंदर उडी!’ म्हणतो, आणि गुण कमी आले की परीक्षकांवर आश्चर्य व्यक्त करतो.

गुणांचं गणितही थोडं कळायला हवं. प्रत्येक उडीला ठरलेले मूळ गुण असतात आणि त्यावर परीक्षक उणे ५ ते अधिक ५ असा दर्जा देतात. चार गिरक्यांच्या लुट्झचे मूळ गुण ११.५०, तीन गिरक्यांच्या लुट्झचे ५.९०, तीन गिरक्यांच्या टो लूपचे ४.२०. समजा, खेळाडूने चार गिरक्यांची लुट्झ पूर्ण फिरवली, पण उतरताना पडला. दर्जा उणे ५ मिळाला तर निम्मे गुण जातात, वर पडल्याबद्दल आणखी १ गुण वजा होतो. तरी हातात ४.७५ राहतात, म्हणजे टो लूपच्या मूळ गुणांपेक्षा जास्तच. पडलेला खेळाडू न पडलेल्याच्या पुढे कसा गेला, या नवख्या प्रेक्षकाला नेहमी पडणाऱ्या प्रश्नाचं उत्तर या आकड्यांत आहे. ते जो समालोचक सहज एका वाक्यात सांगतो, त्याच्या नावापुढे मी लगेच खूण करतो. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिम्पिकमधल्या जोडी स्केटिंगच्या गुणदानावरून झालेल्या वादानंतर जुनी ६.० गुणांची पद्धत मोडीत निघाली. नवी पद्धत प्रेक्षकाला जास्त किचकट वाटते, आणि तेव्हापासून समालोचकाची जबाबदारी वाढली आहे.

अल्पाइन स्कीइंगमध्ये सगळं वेळेवर असतं. पडद्यावर मधल्या टप्प्यांची वेळ हिरवी किंवा लाल दिसते: आघाडीवरच्यापेक्षा पुढे, किंवा मागे. ताशी १०० किलोमीटर वेगात सेकंदाचा शंभरावा भाग म्हणजे जेमतेम २८ सेंटिमीटर. एवढं अंतर कुठे गेलं हे साध्या डोळ्यांना दिसत नाही. गेटला, म्हणजे वाटेत रोवलेल्या खांबांपाशी, उशिरा वळणं, स्कीची धार बर्फावर थरथरणं, सपाट भागात अंग वर उचलणं, ही वेळ खाणारी ठिकाणं आहेत. आकडा लाल व्हायच्या आधी समालोचकाने ते बोलून दाखवलं, तर तो खरंच बघतोय. आकडा लाल झाल्यावर ‘मागे पडली’ एवढंच म्हणणारा तुमच्याइतकंच बघतोय.

कर्लिंगमध्ये दगड सोडण्याआधीचा संवाद ऐकायचा. प्रत्येक संघाला एका डावात आठ दगड, प्रत्येक दगड साधारण २० किलोचा. डावातला शेवटचा दगड ज्याच्याकडे, त्याचा फायदा. म्हणून कधीकधी संघ मुद्दाम एकही गुण न घेता डाव कोरा ठेवतो, म्हणजे शेवटचा दगड पुढच्या डावातही त्याच्याकडेच राहतो. हे न समजावता समालोचक पुढे गेला, तर नवख्याला वाटतं की खेळाडू चुकला.

बायथलॉन (स्कीइंग आणि नेमबाजी एकत्र) किंवा स्की जम्पिंग बघणार असाल तर एकेक गोष्ट पुरे. बायथलॉनमध्ये ५० मीटरवरून नेम धरायचा असतो. झोपून मारताना लक्ष्य ४५ मिलिमीटरचं, उभ्याने मारताना ११५ चं. स्की जम्पिंगमध्ये अंतराबरोबर शैलीचे गुण असतात आणि वाऱ्यामुळे गुणांत भर किंवा वजावट होते. वाऱ्याचा उल्लेखच न करता नुसते मीटर ओरडणारा समालोचक निम्मीच गोष्ट सांगतो आहे.

पायरी ३: आवाज बंद, आवाज चालू, पुन्हा बंद

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी. बाकी काही केलं नाहीत तरी एवढं करा.

पहिल्या खेळाडूची पूर्ण फेरी आवाज बंद करून बघा आणि काय दिसलं ते दोन ओळींत लिहा. बहुतेक वेळा ‘छान उडी, मग गिरक्या, एकदा हात टेकला’ असंच काहीतरी असेल. पुढचे चार-पाच खेळाडू आवाज चालू ठेवून बघा. मग पुन्हा एक फेरी आवाज बंद करून बघा आणि पुन्हा दोन ओळी लिहा. दुसऱ्या खेपेच्या ओळींत धार, उतरतानाचा गुडघा, वळणाआधीची तयारी, वेग टिकला की नाही, यांतलं काही आलं असेल तर समालोचकाने आपलं काम केलं. दोन्ही खेपेला तेच लिहिलं गेलं, तर तो कितीही रंगून बोललेला असो, तुमच्या नजरेत त्याने काही भर घातली नाही.

दुसरा प्रकार, तोही फुकटचा. गुण जाहीर व्हायच्या आधी अंदाज बांधा: हा खेळाडू आघाडीवर जाईल की नाही? स्कीइंगमध्ये पुढचा टप्पा हिरवा की लाल? चांगल्या समालोचकासोबत स्पर्धेच्या उत्तरार्धात तुमचे अंदाज बरोबर यायला लागतात. गुण आल्यावर तुम्हाला आणि त्याला एकदमच धक्का बसत असेल, आणि दरवेळी बसत असेल, तर त्याला काही दिसत नाहीये.

पायरी ४: दोन आवाज वेगळे करा

बहुतेक प्रक्षेपणांत दोघं असतात. एक ओघ सांभाळतो, दुसरा माजी खेळाडू असतो आणि कारणं सांगतो. क्रिकेटमध्ये हर्षा भोगले आणि सुनील गावसकर एकत्र बोलताना आपण ही विभागणी वर्षानुवर्षं ऐकली आहे. अमेरिकेच्या एनबीसीवर २०१४ च्या सोचीपासून टेरी गॅनन ओघ सांभाळतो आणि टारा लिपिन्स्की व जॉनी वीअर हे माजी स्केटर तंत्र सांगतात. दोघांना वेगवेगळे गुण द्या. नाहीतर तज्ज्ञाचं श्रेय सूत्रधाराला जातं आणि सूत्रधाराच्या बडबडीचा दोष तज्ज्ञाच्या माथी बसतो.

माजी विजेता आहे म्हणून तज्ज्ञ चांगला असेलच असं धरू नका. पदक मिळवणं वेगळं आणि समजावणं वेगळं; आपले काही थोर फलंदाज माइकसमोर किती कोरडे ठरतात ते आपण ऐकलेलंच आहे. दोन्ही जमणारे विरळा. डिक बटन त्यांतला एक. १९४८ आणि १९५२ ची ऑलिम्पिक सुवर्णपदकं त्याच्या नावावर, स्पर्धेत पहिली दुहेरी अ‍ॅक्सेल मारणाराही तोच. नंतर कित्येक दशकं त्याने अमेरिकन दूरचित्रवाणीवर समालोचन केलं आणि जे आवडलं नाही ते स्पष्ट सांगितलं. परखडपणा मला समालोचकात हवाच वाटतो. मात्र नापसंतीबरोबर कारण यायला हवं.

पायरी ५: घाई आणि गप्प बसणं

प्योंगचांग, १७ फेब्रुवारी २०१८. महिलांची सुपर-जी, म्हणजे अल्पाइन स्कीइंगमधली एक वेगवान शर्यत. मानांकन असलेल्या स्कीपटू आधी उतरतात, नंतर उतार खराब होत जातो, म्हणून उशिराच्या क्रमांकावरून सहसा कुणी जिंकत नाही. एनबीसीने ऑस्ट्रियाच्या आना फाइटला विजेती म्हणून जाहीर केलं आणि प्रक्षेपण फिगर स्केटिंगकडे वळवलं. मग २६ व्या क्रमांकावरून चेक प्रजासत्ताकाची एस्टर लेडेका आली आणि ०.०१ सेकंदाने जिंकली. त्याच स्पर्धेत पुढे तिने स्नोबोर्डिंगचंही सुवर्ण घेतलं. ‘अजून खेळाडू बाकी आहेत’ हे वाक्य किती मोलाचं असतं, ते या शर्यतीने दाखवलं. वहीत याची वेगळी नोंद ठेवा: समालोचकाने निकाल आधीच लावला का? शॉर्ट ट्रॅक स्केटिंगमध्ये तर शेवटच्या वळणापर्यंत काहीही होतं, आणि शर्यत संपल्यावरही पंच चित्रफीत बघून एखाद्याला बाद करतात. २००२ मध्ये शेवटच्या वळणावर पुढचे सगळे पडले आणि मागून येणारा ऑस्ट्रेलियाचा स्टीव्हन ब्रॅडबरी जिंकला.

गप्प बसण्याबद्दल. आपल्या कानाला जुन्या आकाशवाणीची सवय. बॉबी तल्यारखान एकट्याने दिवसभर बोलायचे, आणि रेडिओवर ते लागायचंच, कारण ऐकणाऱ्याला चित्र नव्हतं. दूरचित्रवाणीवर चित्र आहे. २२ फेब्रुवारी १९८० ला लेक प्लॅसिडमध्ये अमेरिकेच्या तरुण आइस हॉकी संघाने सोव्हिएत संघाला ४-३ असं हरवलं. शेवटच्या सेकंदांत अल मायकल्सने चमत्कारावर विश्वास बसतो का, असं विचारलं, स्वतःच ‘हो’ म्हणाला, आणि मग प्रेक्षकांच्या गजराला जागा करून दिली. ते समालोचन आजही आठवलं जातं, त्यात त्या थांबण्याचा वाटा मोठा आहे. स्केटरचं संगीत शिगेला पोचलेलं असताना, कर्लिंगचे खेळाडू आपसात डावपेच बोलत असताना, हरलेली खेळाडू डोकं धरून बसलेली असताना समालोचक थांबतो का, हे ऐका. कर्लिंगमध्ये खेळाडूंच्या अंगावर माइक असतात. त्यांचं बोलणं बुडवून स्वतःचं पुढे रेटणाऱ्याचे मी सरळ गुण कापतो.

बडबड मोजायची असेल तर लोकलचा उपयोग करा. स्पर्धेची ध्वनिचित्रफीत लावा, फोन खिशात ठेवा आणि ठाण्यापासून सीएसएमटीपर्यंत फक्त ऐका. चित्र नसलं की पालुपदं उघडी पडतात. एकच विशेषण प्रत्येक खेळाडूला लावलेलं, तीच बालपणीची हकिकत तिसऱ्यांदा आलेली, हे घरी पडद्यासमोर ध्यानात येत नाही.

पायरी ६: मागच्या क्रमांकावरच्यांबद्दल तो काय बोलतो

भारतीय प्रेक्षकासाठी ही कसोटी जिव्हाळ्याची आहे. आपले खेळाडू यादीत खाली असतात. गुलमर्गचा आरिफ खान बीजिंग २०२२ मध्ये भारताचा एकमेव खेळाडू होता आणि जायंट स्लालममध्ये ४५ वा आला. शिवा केशवन १९९८ ते २०१८ अशी सहा हिवाळी ऑलिम्पिक ल्यूज या घसरगाडीच्या शर्यतीत खेळला. सोचीमध्ये २०१४ साली सरावात तो घसरगाडीवरून फेकला गेला आणि त्या वेगात पुन्हा तिच्यावर चढला. भारतीय ऑलिम्पिक संघटना निलंबित असल्यामुळे त्याला तिथे तिरंग्याखाली उतरता आलं नव्हतं. निलंबन स्पर्धा चालू असतानाच उठलं. अशा खेळाडूच्या वेळी समालोचक देशाच्या उष्ण हवेवर हसून पुढे जातो, की तो कुठे सराव करतो, मर्यादा काय आहेत, आज त्याने कोणतं वळण चांगलं घेतलं हे सांगतो? ज्याने यादी शेवटपर्यंत वाचून तयारी केली आहे तो इथे दिसतो, आणि ज्याची तयारी पहिल्या दहापुरती आहे तोही.

महिला खेळाडूंबद्दलची भाषाही ऐका. प्योंगचांगलाच एका माजी विजेत्या समालोचकाने एका स्कीपटूच्या घसरलेल्या कामगिरीचा संबंध तिच्या लग्नाशी जोडला आणि त्याला माफी मागावी लागली. वय, रूप, लग्न यांवर वेळ जात असेल, तर तेवढा वेळ तंत्रावरून उडाला.

स्वतःच्या देशाचा पक्ष घेण्याला मी फार दोष देत नाही. आपणही घेतो. स्वतःच्या खेळाडूची चूक तो नाव घेऊन सांगतो की नाही, एवढंच बघावं.

पायरी ७: सूट कुठे द्यायची

ऑलिम्पिकचं मूळ चित्रण ऑलिम्पिक ब्रॉडकास्टिंग सर्व्हिसेस ही संस्था सगळ्या जगासाठी करते. कोणता कॅमेरा कधी लागेल हे समालोचकाच्या हातात नसतं. अनेकदा तो मैदानावरही नसतो, दूरच्या स्टुडिओत पडदा बघून बोलत असतो. त्यामुळे चुकीच्या क्षणी दृश्य बदललं, पुनर्दर्शन उशिरा आलं, तर राग त्याच्यावर काढू नका. पोलिश, फिनिश, कोरियन नावं पहिल्यांदा चुकली तर चालतील. आठवडाभर तेच नाव तसंच चुकत राहिलं, तर ती बेपर्वाई.

पायरी ८: वही आणि मग स्वतःचा आवाज

वहीत फार रकाने पाडू नका. दहापैकी चार गुण ‘मला नवीन काय दिसलं’ याला, तीन निकालाआधी सांगितलेल्या कारणांना, दोन योग्य वेळी थांबण्याला, एक माहितीच्या तयारीला. आवाज, उच्चार, विनोद यांना मी वेगळे गुण देत नाही. ते आवडीचे भाग आहेत. जमलं तर तीच फेरी दुसऱ्या देशाच्या किंवा दुसऱ्या भाषेतल्या समालोचनासह पुन्हा बघा. समोर एकच उडी आणि तिच्यावर दोन माणसं, यातून जेवढं कळतं तेवढं आठवडाभर एकाला ऐकून कळत नाही.

शेवटी, आवाज बंद करून एका फेरीचं समालोचन स्वतः मराठीत करा आणि फोनवर ध्वनिमुद्रित करा. बाळ ज. पंडितांनी आकाशवाणीवर मराठी क्रिकेट समालोचन रुजवलं, कबड्डीचं मराठी समालोचन आपल्या कानात मुरलेलं आहे, आयपीएलही आता मराठीत ऐकायला मिळतं. बर्फातल्या खेळांची मराठी अजून घडायची आहे, ती तुमच्या तोंडून घडू द्या. सुरुवात कर्लिंगने करा, दोन दगडांमध्ये विचार करायला वेळ मिळतो. घरातल्या कुणाला तरी शेजारी बसवा, शक्यतो ज्याने हा खेळ कधी पाहिलेला नाही अशा कुणाला, आणि त्याला प्रश्न विचारू द्या. ‘ते झाडू का मारतायत?’ या प्रश्नाला घासल्याने बर्फाचा वरचा थर किंचित तापतो, घर्षण कमी होतं आणि दगड लांब, सरळ जातो, असं उत्तर दगड थांबायच्या आत द्यायचं आहे. जिथे अडखळाल, ते प्रश्न वहीत उतरवून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी टीव्हीवरचा समालोचक तिथे काय बोलतो ते ऐका.